काळाविना फ्रेम : ओपनसीव्ही लायब्ररीतील व्हिडिओ फाइल चालविण्याच्या पद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना

संगणकीय दृष्टी हा विषय आता केवळ संगणकशास्त्र विभागाचा राहिलेला नाही. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पडणाऱ्या चेंडूचे चित्रण करून गुरुत्वत्वरण काढले जाते. प्राणिशास्त्रात कीटकांच्या व माशांच्या हालचालींची नोंद चित्रफितीवरून घेतली जाते. शारीरिक शिक्षणात धावपटूच्या पावलांचे व उडीचे विश्लेषण होते, तर भूगोल व नियोजन या विषयांत रस्त्यावरील वाहनांची मोजदाद व वेगमापन केले जाते. या सर्व कामांसाठी अभ्यासक बहुधा ओपनसीव्ही या मुक्त प्रोग्रॅमिंग लायब्ररीकडे वळतात. तिच्या अध्ययनातील आरंभीच्या धड्यांपैकी एक म्हणजे व्हिडिओ फाइल उघडून ती पडद्यावर चालविणे.

हा धडा आठ-दहा ओळींचा असल्याने त्याकडे चिकित्सक दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. प्रत्यक्षात चित्रफीत म्हणजे काय, याविषयीची विद्यार्थ्याची धारणा याच आठ-दहा ओळींत घडते. ही पद्धत फ्रेम देते, परंतु त्या फ्रेमला तिच्या काळापासून अलग करते आणि प्रचलित पाठ ही उणीव झाकून ठेवतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या उणिवेचे मूळ, तिचे मापनावर होणारे परिणाम आणि अध्यापनातील उपाय यांचा विचार येथे केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ओपनसीव्हीचा आरंभ १९९९ मध्ये इंटेल कंपनीत गॅरी ब्रॅडस्की यांच्या पुढाकाराने झाला. तिची प्राथमिक आवृत्ती २००० मध्ये संगणकीय दृष्टीविषयक परिषदेत सर्वांसाठी खुली करण्यात आली आणि १.० ही आवृत्ती २००६ मध्ये आली. आरंभी सी भाषेत असलेली ही लायब्ररी २००९ च्या २.० आवृत्तीपासून सी प्लस प्लस पद्धतीकडे वळली. पायथन भाषेतील सोयीमुळे पुढे ती महाविद्यालयीन प्रयोगशाळांत सर्वत्र पोहोचली. २०१५ मध्ये तिसरी आणि २०१८ मध्ये चौथी प्रमुख आवृत्ती प्रसिद्ध झाली.

या प्रवासात अंतर्गत रचना पुष्कळ बदलली, परंतु व्हिडिओ चालविण्याच्या धड्याचा साचा जवळजवळ तसाच राहिला. ब्रॅडस्की व एड्रियन केलर यांच्या २००८ मधील 'लर्निंग ओपनसीव्ही' या ग्रंथाच्या आरंभीच्या प्रकरणात फाइल उघडणे, आवर्तनात एकेक फ्रेम मिळविणे, ती खिडकीत दाखविणे, ३३ मिलिसेकंद थांबणे आणि एस्केप कळ दाबल्यास बाहेर पडणे, असा क्रम दिलेला आहे. आजच्या पायथन पाठातही हाच क्रम आढळतो, केवळ आज्ञांची नावे बदलली आहेत. 'व्हिडिओकॅप्चर' हा घटक फाइल उघडतो, त्याची 'रीड' ही क्रिया पुढील फ्रेम देते, 'आयएमशो' ती दाखवते आणि 'वेटकी' काही काळ थांबून कळफलकाकडे पाहते.

या पद्धतीचे गुण

चिकित्सेपूर्वी या पद्धतीचे मोल मान्य करणे न्याय्य ठरेल. संकुचित व्हिडिओ उलगडणे हे अत्यंत गुंतागुंतीचे काम आहे. ते ओपनसीव्ही स्वतः बहुतांशी करत नाही. एफएफएमपेग, जीस्ट्रीमर किंवा विंडोजमधील मीडिया फाउंडेशन यांसारख्या यंत्रणांकडे ती हे काम सोपवते. वापरणाऱ्याला मात्र एकच सुटसुटीत दार दिसते. त्याच दारातून कॅमेरा, फाइल, जाळ्यावरून येणारा प्रवाह आणि क्रमांकित चित्रांची मालिका या चारही गोष्टी आत येतात. कॅमेऱ्यासाठी लिहिलेली आज्ञावली एक शब्द बदलून फाइलवर चालविता येते. प्रत्येक फ्रेम संख्यांच्या सारणीच्या रूपात हाती येत असल्याने तिच्यावर लगेच गणिती प्रक्रिया करता येते. रंगांचा क्रम लाल-हिरवा-निळा असा नसून निळा-हिरवा-लाल असा असतो, ही नवशिक्याला चकविणारी बाब सोडल्यास आरंभ सोपा आहे. ओपनसीव्हीच्या प्रसारात या सुलभतेचा वाटा मोठा आहे.

'वेटकी' आणि गतीचा प्रश्न

अडचण सुरू होते ती 'वेटकी'पाशी. या आज्ञेचे मुख्य काम खिडकीशी संबंधित घडामोडी हाताळणे आणि कळ दाबली गेली का ते पाहणे हे आहे. ती वगळल्यास 'आयएमशो'ने दाखविलेले चित्र पडद्यावर उमटतही नाही. कंसात दिलेला आकडा म्हणजे थांबण्याचा किमान काळ होय. संगणकावर अन्य कामे चालू असल्यास प्रत्यक्ष थांबा अधिक होऊ शकतो. अशा आज्ञेवर पाठांनी व्हिडिओची गती राखण्याची जबाबदारी टाकली आहे.

अधिकृत पायथन पाठात थांबा फार कमी ठेवल्यास चित्रफीत वेगाने व फार अधिक ठेवल्यास संथ चालेल आणि सामान्यतः २५ मिलिसेकंद पुरेसे होतील, असा आशय आहे. त्याच पाठातील नमुना आज्ञावलीत मात्र थांबा १ मिलिसेकंदाचा आहे. २५ ही संख्या भारतीय विद्यार्थ्याला आणखी एका कारणाने फसवू शकते. दूरदर्शनने स्वीकारलेल्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, त्यामुळे '२५' हा आकडा योग्यच असणार असे सहज वाटते. परंतु सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे दोन फ्रेममध्ये ४० मिलिसेकंदांचे अंतर होय. २५ मिलिसेकंदांचे अंतर ठेवल्यास सेकंदाला ४० फ्रेम होतात.

पुढील उदाहरणावरून हे अधिक स्पष्ट होईल. सेकंदाला २५ फ्रेम या गतीची एक मिनिटाची फाइल घेतली, तर तीत १५०० फ्रेम असतात. प्रत्येक फ्रेम उलगडून दाखविण्यास ५ मिलिसेकंद लागतात असे मानू. १ मिलिसेकंदाच्या थांब्याने ही फाइल ९ सेकंदांत संपेल, २५ मिलिसेकंदांच्या थांब्याने ४५ सेकंदांत आणि 'अचूक' वाटणाऱ्या ४० मिलिसेकंदांच्या थांब्याने ६७.५ सेकंदांत. तिन्ही वेळा उत्तर चुकते, कारण थांबा हा प्रक्रियेच्या काळात मिळवला जातो आणि प्रक्रियेचा काळ यंत्रानुसार, फ्रेमनुसार बदलतो. मूकपटांच्या काळात हाताने फिरविल्या जाणाऱ्या प्रक्षेपकाची गती चालकाच्या हातावर अवलंबून असे. येथे ती संगणकाच्या त्या क्षणीच्या भारावर अवलंबून राहते.

२००८ च्या ग्रंथाच्या लेखकांना याची जाणीव होती, हे नमूद केले पाहिजे. ३३ मिलिसेकंदांमागे सेकंदाला ३० फ्रेम हे गृहीतक असून प्रत्यक्ष गती तपासणे बरे, असा खुलासा त्यांनी तळटीपेत केला आहे. प्रयोगवहीत मात्र आज्ञावली उतरली, तळटीप उतरली नाही.

कॅमेरा आणि फाइल : एक दार, दोन काळ

या उणिवेचे पहिले मूळ लायब्ररीच्या ज्या गुणाची वर प्रशंसा केली त्यातच आहे. कॅमेरा व फाइल यांना एकाच दाराने आत घेतल्यामुळे त्या दोहोंतील मूलभूत भेद दृष्टीआड होतो. कॅमेऱ्याला स्वतःचा काळ असतो. पुढील फ्रेम तयार होईपर्यंत 'रीड' थांबून राहते, म्हणजे आवर्तनाची गती कॅमेरा ठरवतो. तेथे १ मिलिसेकंदाचा थांबा पूर्णपणे उचित आहे. फाइलला अशी अंगभूत चाल नसते. मागितली की पुढची फ्रेम मिळते, जितक्या वेगाने मागावी तितक्या वेगाने. त्यामुळे काळ पाळण्याची जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्यावर येते, परंतु ती आल्याची कोणतीही खूण त्या दारावर नाही. कॅमेऱ्यासाठीचा साचा फाइलवर तसाच चालतो, चूक दाखविणारा संदेश येत नाही आणि म्हणून चूक कळतही नाही.

दुसरे मूळ ऐतिहासिक आहे. ओपनसीव्हीच्या बाल्यावस्थेत एव्हीआय हे स्वरूप प्रमुख होते. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणलेल्या या स्वरूपात चित्रप्रवाहाची गती एकच ठरलेली असते. प्रत्येक फ्रेमची स्वतंत्र वेळ नोंदविण्याची व्यवस्था त्यात नसते. तेथे फ्रेमचा क्रमांक भागिले गती म्हणजे वेळ, हे सूत्र योग्य होते. पुढे एमपीफोर, मट्रोस्का ही स्वरूपे रूढ झाली. त्यांत प्रत्येक फ्रेमसोबत ती दाखविण्याची वेळ काळखुणेच्या रूपात सांभाळली जाते आणि दोन फ्रेममधील अंतर समान असण्याचे बंधन नसते. २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या एच.२६४ या संकेतनपद्धतीत काही फ्रेम पुढील व मागील अशा दोन्ही फ्रेमवर अवलंबून असू शकतात. परिणामी फ्रेम उलगडण्याचा क्रम आणि दाखविण्याचा क्रम वेगळे होतात व काळखुणेचे महत्त्व आणखी वाढते. फाइलची रचना अशी पालटली, तरी धड्यातील चित्रफितीची कल्पना एव्हीआयच्या काळातच राहिली.

याचे प्रतिबिंब लायब्ररीच्या अंतरंगातही दिसते. चालू फ्रेमची मिलिसेकंदांतील वेळ विचारण्याची सोय 'व्हिडिओकॅप्चर'मध्ये आहे. तथापि एफएफएमपेगवर आधारित वाचनात जुन्या आवृत्त्या हे उत्तर फ्रेमच्या क्रमांकाला गतीने भागून देत असत. म्हणजे वेळ विचारली तरी फाइलमधील काळखूण मिळत नसे, क्रमांकच वेगळ्या रूपात परत येई. नंतरच्या आवृत्त्यांत हे उत्तर प्रत्यक्ष काळखुणेवरून दिले जाऊ लागले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, परंतु तीच आज्ञा आवृत्तीनुसार दोन भिन्न अर्थांची उत्तरे देते, हे अभ्यासकाला ठाऊक असणे आवश्यक ठरते. एकूण फ्रेमसंख्येचेही असेच आहे. फाइलमध्ये ती नोंदलेली नसल्यास कालावधी व गती यांचा गुणाकार करून अंदाजी संख्या दिली जाते. ती अंदाजी आहे असे त्या आकड्यावरून समजत नाही.

मापनावरील परिणाम

व्हिडिओ केवळ पाहायचा असेल तर गतीतील थोडा फरक क्षम्य मानता येईल. मापनात तसे म्हणता येत नाही. गती सेकंदाला ३० अशी सर्रास धरली जाते. प्रत्यक्षात एनटीएससी परंपरेतील गती २९.९७ असते. एका तासात या दोहोंत १०८ फ्रेमचा, म्हणजे सुमारे ३.६ सेकंदांचा फरक पडतो. दीर्घ निरीक्षणात घटनेच्या नोंदलेल्या वेळा हळूहळू सरकत जातात.

अधिक गंभीर प्रश्न भ्रमणध्वनीवरील चित्रणाचा आहे. प्रकाश कमी झाला की अनेक भ्रमणध्वनी फ्रेमची गती आपोआप घटवतात, म्हणजे एकाच फाइलमध्ये गती बदलते. समजा, ६० सेकंदांच्या चित्रणात पहिली ३० सेकंदे पुरेशा उजेडात सेकंदाला ३० फ्रेम व पुढील ३० सेकंदे संधिप्रकाशात सेकंदाला २० फ्रेम नोंदल्या गेल्या. एकूण फ्रेम १५०० व सरासरी गती २५ होईल. येथे ९०० फ्रेम पूर्ण होतात तो क्षण प्रत्यक्षात ३० व्या सेकंदाचा आहे. क्रमांकाला सरासरीने भागल्यास मात्र ३६ वे सेकंद असे उत्तर येते.

आता याच चित्रणावरून वाहनांचा वेग काढावयाचा आहे आणि रस्त्यावरील दोन खुणांमध्ये १० मीटरचे अंतर आहे, असे मानू. उजेडातील एका वाहनाला हे अंतर कापण्यास १५ फ्रेम लागल्या आणि संधिप्रकाशातील दुसऱ्या वाहनालाही १५ फ्रेमच लागल्या. सरासरी गतीने हिशेब केल्यास दोन्ही वाहनांना ०.६ सेकंद लागले व दोहोंचा वेग ताशी ६० किलोमीटर ठरतो. वस्तुतः पहिल्याला ०.५ सेकंद लागल्याने त्याचा वेग ताशी ७२ किलोमीटर, तर दुसऱ्याला ०.७५ सेकंद लागल्याने त्याचा वेग ताशी ४८ किलोमीटर आहे. अशी आकडेवारी प्रबंधात आली तर निष्कर्ष चुकतो. तीच दंडात्मक कारवाईचा किंवा अपघाताच्या चौकशीचा आधार झाली, तर एखाद्या व्यक्तीवर अन्याय होतो. यातील कोणतीही पायरी गणिती दृष्ट्या चुकलेली नसते, म्हणून परीक्षकालाही दोष सापडत नाही. दोष फ्रेम व काळ यांच्या गृहीत धरलेल्या नात्यात असतो.

मौन अपयश

काळाच्या प्रश्नाशी निगडित दुसरा दोष म्हणजे अपयशाबाबतचे मौन. 'रीड' ही क्रिया फ्रेम मिळाली की नाही एवढेच होय-नाही या रूपात सांगते. फाइल नियमितपणे संपली असो वा मध्येच बिघडली असो, उत्तर एकच 'नाही' असे येते. १५०० फ्रेमची फाइल ९०० व्या फ्रेमपाशी थांबली तरी आज्ञावली सुरळीत संपल्यासारखी दिसते आणि उरलेली ६०० फ्रेमची माहिती विश्लेषणातून गळते. फाइलचे नाव चुकल्यासही आज्ञावली स्वतःहून थांबत नाही. 'इजओपन्ड' ही वेगळी विचारणा करावी लागते. पुढील आवृत्त्यांत अपयशाला चुकीचा दर्जा देऊन आज्ञावली थांबविण्याची सोय आली, परंतु ती आपणहून चालू नसते. माशांच्या हालचालींची नोंद घेणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीने 'मासे हलले नाहीत' आणि 'चित्रण वाचले गेले नाही' यांतील भेद किती मोलाचा आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

संभाव्य आक्षेप

ओपनसीव्ही हे चित्रफीत चालविण्याचे साधन नाहीच, ती दृष्टीविषयक प्रक्रियेची लायब्ररी आहे, तेव्हा तिच्याकडून खेळयंत्राची अपेक्षा करणे अनुचित होय, असा आक्षेप येथे घेता येईल. तो अंशतः ग्राह्य आहे. ध्वनीच्या बाबतीत तर तो पूर्णतः ग्राह्य मानावा लागेल. अलीकडच्या आवृत्त्यांत काही यंत्रणांद्वारे ध्वनीचे नमुने वाचता येत असले, तरी आवाजासह चित्रफीत वाजविणे हे या लायब्ररीचे उद्दिष्ट नाही. एफएफएमपेगसोबत मिळणारा एफएफप्ले हा कार्यक्रम सामान्यतः ध्वनीचे घड्याळ प्रमाण मानून त्याच्याशी चित्र जुळवून घेतो. तशी व्यवस्था ओपनसीव्हीकडे मागणे गैर ठरेल.

परंतु हा आक्षेप मूळ मुद्द्याला पुरत नाही. चित्रफीत पाहण्यासाठी गती सांभाळावी लागते, तर मोजण्यासाठी प्रत्येक फ्रेमची वेळ माहीत असावी लागते. पहिली जबाबदारी लायब्ररीने नाकारली तरी दुसरी नाकारता येत नाही, कारण मापन हेच तर दृष्टीविषयक प्रक्रियेचे एक प्रमुख प्रयोजन आहे. विश्लेषण करताना फाइल ९ सेकंदांत वाचली किंवा ९० सेकंदांत वाचली तरी बिघडत नाही. फ्रेमसोबत तिची वेळ नोंदली गेली नाही, तर मात्र बिघडते. खेरीज लायब्ररी खेळयंत्र नसेल, तर धड्याचे शीर्षक 'व्हिडिओ चालविणे' असे असू नये. 'व्हिडिओतील फ्रेम वाचणे' असे म्हटल्यास विद्यार्थ्याची अपेक्षा योग्य जागी राहील.

अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना

उपरोक्त विवेचनावरून अभ्यासक्रमात पुढील बदल सुचवता येतात.

१. कॅमेरा आणि फाइल यांचे धडे स्वतंत्र घ्यावेत. एकात गती कोण ठरवतो आणि दुसऱ्यात कोण, हा प्रश्न विद्यार्थ्यांना प्रथम विचारावा.

२. फाइल पाहण्यासाठी ठरीव थांबा वापरू नये. आरंभाची वेळ संगणकाच्या घड्याळावरून नोंदवावी. प्रत्येक फ्रेमच्या काळखुणेतून आतापर्यंत लोटलेला काळ वजा करावा व उरेल तितकेच थांबावे. बाकी ऋण आल्यास फ्रेम न दाखवता पुढे सरकण्यासाठी 'ग्रॅब' ही क्रिया उपलब्ध आहे. 'वेटकी'ला शून्य दिल्यास ती कळ दाबेपर्यंत थांबून राहते, म्हणून किमान १ द्यावा.

३. मापनाच्या प्रयोगात प्रत्येक निरीक्षणासोबत फ्रेम क्रमांक आणि काळखूण असे दोन स्तंभ ठेवावेत. एफएफप्रोब या साधनाने मिळणाऱ्या काळखुणांशी त्यांची तुलना करावी.

४. अंकीय स्टॉपवॉचचे काही सेकंद उजेडात व काही सेकंद अंधूक प्रकाशात चित्रण करून घ्यावे. घड्याळावर दिसणारी वेळ आणि क्रमांकावरून काढलेली वेळ यांचा आलेख विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. या प्रयोगाला भ्रमणध्वनी व स्टॉपवॉच यांखेरीज काही लागत नाही आणि तो कोणत्याही विभागात होऊ शकतो.

५. प्रकल्प व प्रबंध तपासताना लायब्ररीची आवृत्ती, वाचनासाठी वापरलेली यंत्रणा, चित्रणाचे स्वरूप आणि वाचलेल्या फ्रेमची प्रत्यक्ष संख्या नमूद करण्याचा आग्रह धरावा.

समारोप

ओपनसीव्हीने संगणकीय दृष्टीचे दार सामान्य महाविद्यालयाला उघडून दिले, हे तिचे योगदान निर्विवाद आहे. व्हिडिओ फाइल वाचण्याची तिची पद्धत साधी व उपयुक्त आहे. तथापि कॅमेरा व फाइल यांतील भेद पुसून टाकल्यामुळे, तसेच एव्हीआयच्या काळातील गृहीतक पाठांत टिकून राहिल्यामुळे, फ्रेमचा क्रम म्हणजेच काळ असा समज दृढ होतो. काळखूण वाचण्याची सोय लायब्ररीत आहे. ती पहिल्या धड्यात आणण्यासाठी नव्या उपकरणाची किंवा निधीची गरज नाही, आज्ञावलीत दोन-तीन ओळींची भर पुरेशी आहे. हे काम लायब्ररीच्या निर्मात्यांपेक्षा वर्गात शिकविणाऱ्या प्राध्यापकांच्या हाती अधिक आहे.